मैफलींतला खर्ज

तंबोऱ्याच्या चार तारांपैकीं शेवटची तार पितळेची, जाड आणि खर्जाच्या षड्जांत लावलेली असते. मैफल रंगली असतां तिच्याकडे कोणाचेंहि लक्ष जात नाहीं. श्रोत्याची दृष्टि गवयाच्या मुद्रेवर असते आणि कान त्याच्या तानेवर असतो. परंतु ऐन गाण्यांत ती एक तार उतरली किंवा तुटली, तर कांहींतरी मोठें बिघडलें आहे हें क्षणार्धांत सर्वांच्या ध्यानांत येतें. पायाखालची जमीन सरकल्यासारखें गवयाला वाटतें. श्रोत्यालाहि तसेंच वाटतें, मग त्याला त्याचें कारण सांगतां येवो वा न येवो. खर्जाचें भाग्यच असें विचित्र आहे. तो असतांना कोणी त्याला मोजीत नाहीं; नसला म्हणजे सर्वजण त्याला शोधूं लागतात.

पश्चिमेकडील ‘रॉक’ नांवाच्या संगीतांत हें खर्जाचें काम ‘बेस गिटार’ हें वाद्य करतें. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय आहे ह्या वाद्याचा एक थोर वादक, स्कॉटलंडचा जॅक ब्रूस, आणि उतारवयांत लंडनच्या एका लहानशा क्लबांत समोर बसून त्याला ऐकण्याचा अनुभव. हजारों लोकांच्या जलशांतून ज्याची कीर्ति झाली, त्याला दोनअडीचशे माणसांच्या खोलींत ऐकावयास रसिक कां जात, आणि मोठ्या सभागृहांत न मिळणारें असें तेथें त्यांना काय मिळे, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम वाद्याची थोडी ओळख करून घेणें बरें. पूर्वीं जॅझच्या ताफ्यांत खर्जासाठीं ‘डबल बेस’ असे. व्हायोलिनसारख्या गजाच्या वाद्यांतील हें सर्वांत मोठें. माणसाहून उंच, जमिनीवर टेकवून उभ्यानें वाजवावयाचें. त्याचा आवाज गोड आणि भरदार. परंतु विजेच्या गिटारीपुढें आणि ड्रमच्या दणदणाटापुढें तो बुडून जाई. शिवाय एका गांवाहून दुसऱ्या गांवीं तें धूड वाहून नेणें वादकाच्या जिवावर येई. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत लिओ फेंडर नांवाचा, रेडिओदुरुस्तीचा धंदा केलेला एक कारागीर होता. त्यानें १९५१ सालीं ह्यावर तोड काढली. गिटारीसारखें आडवें धरावयाचें, भरीव लाकडाचें, चार जाड तारांचें वाद्य त्यानें बाजारांत आणलें आणि त्याच्या दांडीवर सतारीप्रमाणें पडदे बसविले. पडद्यांमुळें सूर नेमका लागे, म्हणून त्याचें नांवच त्यानें ‘प्रिसिजन’, म्हणजे ‘अचूकपणा’, असें ठेवलें.

ह्या चार तारा साध्या गिटारीच्या जाड चार तारांहून एक सप्तक खालीं लावितात. त्यांतील सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते आणि सर्वांत बारीक सुमारें ९८ वेळां. मनुष्याच्या कानाला ऐकूं येणाऱ्या ध्वनीची खालची मर्यादा सेकंदाला सुमारें २० कंपनांची धरतात. म्हणजे हें वाद्य श्रवणाच्या अगदीं तळाशीं वावरतें. त्याचें काम दुहेरी आहे. तंबोऱ्याप्रमाणें तें गाण्याला सुराची बैठक देतें आणि तबल्याप्रमाणें ठेका धरतें. ताल आणि सूर ह्यांची गांठ बांधणारा असा हा मधला मनुष्य आहे. आणि मधल्या माणसाच्या नशिबीं येतें तेंच बहुधा त्याच्याहि नशिबीं येतें, म्हणजे कष्ट पुष्कळ आणि नांव थोडें. ब्रूसचें वैशिष्ट्य असें कीं, ह्या मधल्या माणसाला त्यानें बोलतें केलें.

जॅक ब्रूसचा जन्म १४ मे १९४३ रोजीं ग्लासगो शहरालगत बिशपब्रिग्ज येथें झाला. घरांत गाण्याची आवड होती, पण स्थैर्य नव्हतें. आईबाप कॅनडांत आणि अमेरिकेंतहि जाऊन राहिले, आणि मुलाला एकंदर चौदा शाळा पाहाव्या लागल्या. पुढें शिष्यवृत्ति मिळवून तो ग्लासगोच्या रॉयल स्कॉटिश अकॅडमींत सेलो आणि संगीतरचना शिकूं लागला. त्याच वेळीं तो जॅझच्या ताफ्यांतून डबल बेस वाजवी. संस्थेला हें रुचलें नाहीं. जॅझ सोडावा कीं संस्था सोडावी असा पेंच पडला, तेव्हां त्यानें संस्था सोडली.

विद्यार्थ्यानें शाळा सोडली ह्याचें कौतुक कोणा शिक्षकानें करूं नये, हें खरें. परंतु ह्या मुलानें शाळा सोडली तरी शिक्षण सोडलें नाहीं, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. सेलोवर बसलेला हात, स्वरलेखन वाचण्याची संवय, आणि खालच्या सुरावटीलाहि तिचें स्वतंत्र गाणें असूं शकतें ही युरोपीय शास्त्रीय संगीताची शिकवण, एवढी शिदोरी तो बरोबर घेऊन निघाला. ती त्याला जन्मभर पुरली.

१९६२ च्या मार्च महिन्यांत लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथें, रेल्वे स्टेशनासमोरच्या एका तळघरांत, ॲलेक्सिस कोर्नर आणि सिरिल डेव्हीस ह्या दोघांनीं ब्लूज गाण्यांची बैठक सुरू केली. ब्लूज म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या दुःखांतून जन्मलेलें गाणें. त्या तळघराचें छत म्हणजे वरचा पदपथच. दमट हवेनें आणि माणसांच्या गर्दीनें छताला पाणी सुटे, आणि तें खालीं विजेच्या उपकरणांवर पडूं नये म्हणून वादकांच्या डोक्यावर कापड ताणून बांधावें लागे. अशा जागीं, कोर्नरच्या ताफ्यांत, एकोणीस वर्षांचा ब्रूस आपला डबल बेस घेऊन उभा राहूं लागला. त्याच ताफ्यांत ड्रम वाजविणारा चार्ली वॉट्स पुढें ‘रोलिंग स्टोन्स’ ह्या मंडळींत जाऊन जगप्रसिद्ध झाला. वॉट्सच्या जागीं आला जिंजर बेकर. ब्रूस आणि बेकर ह्यांची पुढील चाळीसांहून अधिक वर्षांची मैत्री आणि वैर ह्याच काळांत सुरू झालें.

१९६३ सालीं दोघेहि ग्रॅहॅम बाँड ह्याच्याबरोबर बाहेर पडले. ह्याच सुमारास ब्रूसनें डबल बेस ठेवून बेस गिटार हातांत घेतली. लवकरच त्यानें गिब्सन कंपनीची ‘ईबी-३’ ही आखूड दांडीची गिटार पसंत केली. फेंडरच्या वाद्यावर तारेची लांबी ३४ इंच, तर हिच्यावर साडेतीस इंच. त्यानें तिच्यावर बारीक तारा चढविल्या. हेतु असा कीं, बोटानें तार ओढून सूर वर नेतां यावा. सतारिये जशी मींड काढतात तशी काढतां यावी. खर्जाच्या वाद्याकडून मींडेची अपेक्षा तेव्हां कोणी करीत नसे. बेकरला मात्र हा खटाटोप पसंत नव्हता. खर्जानें खर्जाच्या जागीं राहावें, फार बोलूं नये, असें त्याचें मत. भांडणें होतां होतां १९६५ मध्यें बेकरनें ब्रूसला ताफ्यांतून काढून टाकलें.

तरीहि १९६६ च्या उन्हाळ्यांत हे दोघे पुन्हां एकत्र आले. एरिक क्लॅप्टन ह्या तरुण गिटारवादकाला बेकरनें नवा ताफा काढण्याविषयीं विचारलें, तेव्हां त्यांत ब्रूस असला पाहिजे असा क्लॅप्टननें आग्रह धरला. तिघांच्या ह्या मंडळीनें नांव घेतलें ‘क्रीम’, म्हणजे दुधावरची साय. नांवांत नम्रता नव्हती, पण खोटेपणाहि नव्हता. जुलैच्या अखेरीस मँचेस्टरमधील ‘ट्विस्टेड व्हील’ ह्या लहान क्लबांत त्यांनीं पहिला कार्यक्रम केला. बहुतेक गाणीं ब्रूस गाई, आणि त्यांतील कित्येकांच्या चाली त्यानेंच पीट ब्राउन ह्या कवीबरोबर बसून बांधल्या. एकदां रात्रभर दोघे काम करीत होते आणि हाताला कांहीं लागत नव्हतें. पहाटेच्या सुमारास ब्रूसनें आपला डबल बेस उचलला आणि दहा सुरांची एक ओळ त्यावर वाजविली. खिडकीबाहेर उजाडत होतें. तें पाहून ब्राउननें गाण्याचे आरंभींचे शब्द लिहिले. १९६७ मध्यें प्रसिद्ध झालेलें ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’ हें गाणें तें हेंच. विजेच्या गिटारीवर जगभर वाजविली जाणारी ही ओळ मुळांत खर्जाच्या लाकडी वाद्यावर सुचलेली आहे.

येथपर्यंतची कथा भाग्योदयाची झाली. पुढची मात्र विचार करावयास लावणारी आहे. क्रीमला यश मिळालें तशीं सभागृहें मोठीं होत गेलीं. सभागृहें मोठीं झालीं तशीं ध्वनिवर्धक यंत्रें वाढत गेलीं. शंभर शंभर वॅटचीं यंत्रें आणि पुरुषभर उंचीच्या कर्ण्यांच्या पेट्या रंगमंचावर चढूं लागल्या. गिटारीचा आवाज वाढला कीं बेसचा वाढे, बेसचा वाढला कीं गिटारीचा. आणि ह्या दोहोंच्या मध्यें बेकर केवळ हाताच्या जोरावर ड्रम बडवीत बसे. क्लॅप्टननें पुढें एक गोष्ट सांगितली आहे. एका कार्यक्रमांत तो मध्येंच वाजवावयाचा थांबला. उरलेले दोघे तसेच वाजवीत राहिले. तिसरा थांबला आहे हें त्यांच्या लक्षांतहि आलें नाहीं.

ह्या एका गोष्टींत त्या मंडळीच्या अंताचें कारण आलें आहे. तिघेहि असामान्य वादक. परंतु एकमेकांचें ऐकणें बंद झालें तेव्हां ताफा उरला नाहीं, तीन माणसें उरलीं. २६ नोव्हेंबर १९६८ रोजीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें दोन कार्यक्रम करून क्रीमनें निरोप घेतला. पुरीं अडीच वर्षेंहि झालीं नव्हतीं.

हें रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ सालचें, सुमारें पांच हजार माणसांचें, वर घुमट असलेलें. त्याचा प्रतिध्वनि प्रसिद्ध होता. आपली कृति दोनदां ऐकावयाची असेल तर संगीतकारानें येथें यावें, असा विनोद लोक करीत. क्रीमच्या निरोपानंतर, १९६९ मध्यें, घुमटाखालीं अळंबीच्या आकाराच्या मोठमोठ्या तबकड्या टांगून हा दोष पुष्कळसा कमी करण्यांत आला. म्हणजे निरोपाच्या रात्रीं ब्रूसचा खर्ज त्या जुन्या घुमटांत घुमला असला पाहिजे.

मोठ्या जागेंत खर्जाचें काय होतें, हें थोडें गणितानें पाहतां येईल. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ११०० फूट जातो. बेस गिटारीच्या सर्वांत जाड तारेचीं सेकंदाला ४१ कंपनें. तेव्हां तिच्या एका लहरीची लांबी सुमारें २७ फूट होते. रंगमंचापासून १८० फुटांवर बसलेल्या माणसाला कोणताहि सूर सेकंदाच्या सुमारें सहाव्या हिश्श्यानें उशिरां ऐकूं येतो. डोळ्याला दिसतें तें बोट एका क्षणाचें, आणि कानाला येतो तो सूर आधींच्या क्षणाचा. त्यांत भिंतींवरून आणि घुमटावरून परत आलेल्या लहरी मिसळतात, आणि एका सुराचें शेंपूट दुसऱ्या सुराच्या तोंडांत जातें. गिटारीचा तीक्ष्ण सूर ह्या गोंधळांतूनहि वाट काढतो. खर्ज मात्र लिंपला जातो. श्रोत्याला गडगडाट ऐकूं येतो. वाक्य ऐकूं येत नाहीं. बेसवादकाची खरी करामत सूर कोठें सुरू होतो ह्यापेक्षां तो कोठें थांबतो ह्यांत अधिक असते. बोटानें तार दाबून तिला वेळेवर गप्प करणें, दोन सुरांमध्यें नेमकी रिकामी जागा सोडणें, ह्यानेंच ठेका उठून दिसतो. मोठ्या सभागृहांत नेमकी तीच रिकामी जागा आधीं भरून जाते.

क्रीम मोडल्यावर ब्रूसनें पुष्कळ प्रकारचें संगीत केलें. गिटारवादक जॉन मॅक्लाफ्लिन हा बाँडच्या ताफ्यांतील त्याचा जुना सोबती. १९७० मध्यें अमेरिकन ड्रमवादक टोनी विल्यम्स ह्याच्या ताफ्यांत दोघे पुन्हां एकत्र आले. हाच मॅक्लाफ्लिन पुढें मुंबईच्या झाकिर हुसेन ह्यांच्यासह ‘शक्ति’ ह्या मंडळींत बसून हिंदुस्थानी पद्धतीनें जमिनीवर मैफल करूं लागला, हें अनेकांना ठाऊक असेल. ब्रूसची वाट त्या बाजूला गेली नाहीं. त्याला लोकप्रियता पुन्हां तशी लाभली नाहीं. व्यसनानें कांहीं वर्षें खाल्लीं, आणि त्यांतून तो मोठ्या कष्टानें बाहेर पडला. २००३ मध्यें त्याला यकृताचा कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें. दुसऱ्याचें यकृत बसविण्यांत आलें, तें शरीरानें प्रथम स्वीकारलें नाहीं, आणि तो मृत्यूच्या दारांतून परत आला. त्या वेळीं तो साठ वर्षांचा होता.

२००५ च्या मे महिन्यांत क्रीमचे तिघे पुन्हां रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें चार रात्रीं एकत्र वाजले. ह्या वेळीं घुमटाखालीं तबकड्या होत्या, यंत्रें लहान होतीं, आणि तिघेहि साठीच्या आसपासचे, एकमेकांकडे पाहत, एकमेकांना जागा देत वाजवीत होते. ज्यांनीं दोन्ही वेळां ऐकलें, त्यांतील अनेकांना हें वादन अधिक समंजस वाटलें. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन ह्या प्रचंड मंडपांत तीन रात्रीं कार्यक्रम झाले, आणि तेथें ब्रूसच्या यंत्राच्या मोठ्या आवाजावरून बेकरची जुनी तक्रार पुन्हां जागी झाली. माणसें तींच, गाणीं तींच. जागा वाढली, आवाज वाढला, आणि भांडण परत आलें. क्रीम पुन्हां कधीं एकत्र आलें नाहीं.

आतां त्या लहान क्लबाकडे वळूं. लंडनच्या सोहो भागांत फ्रिथ रस्त्यावर ४७ क्रमांकाच्या घरांत ‘रॉनी स्कॉट्स’ नांवाचा जॅझ क्लब आहे. रॉनी स्कॉट हा स्वतः सॅक्सोफोन वाजवी. तरुणपणीं प्रवासी जहाजावरच्या ताफ्यांत नोकरी धरून तो न्यूयॉर्कला गेला, तेथील लहान लहान क्लबांत थोर वादकांना हातभर अंतरावरून ऐकून आला, आणि असें एक ठिकाण आपल्या गांवीं असावें ही इच्छा त्यानें मनांत धरली. १९५९ च्या ऑक्टोबरांत पीट किंग ह्या मित्राच्या साह्यानें त्यानें जेरार्ड रस्त्यावरच्या एका तळघरांत क्लब उघडला. १९६५ मध्यें तो सध्यांच्या जागीं आला. स्कॉट १९९६ मध्यें वारला, परंतु क्लब चालू आहे. छत बसकें, मंद उजेड, लहान टेबलें, त्यांवर छोटे दिवे, भिंतींवर तेथें वाजवून गेलेल्या वादकांचीं छायाचित्रें. सप्टेंबर १९७० मध्यें जिमी हेंड्रिक्स हा गिटारवादक लोकांसमोर शेवटचें वाजला तो येथेंच. त्यानंतर दोनच दिवसांनीं तो मरण पावला.

आयुष्याच्या अखेरच्या कांहीं वर्षांत जॅक ब्रूस येथें येऊन वाजवीत असे. आल्बर्ट हॉलांत दुर्बिणींतून पाहावा लागणारा मनुष्य येथें दोन टेबलांपलीकडे उभा. केस पिकलेले, अंगानें रोडावलेला, चेहऱ्यावर आजाराच्या खुणा. पहिल्या दृष्टिक्षेपांत श्रोत्याच्या मनांत येई ती करुणा. आणि कलावंताला करुणेनें ऐकणें हा त्याचा अपमानच होय. अशा कार्यक्रमांविषयीं टीका होते ती येथेंच. लोक गाणें ऐकावयास जात नाहींत, स्वतःचें तारुण्य पाहावयास जातात, असें टीकाकार म्हणतात. ह्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. उतारवयाचा गळा तरुणपणींची उंची गांठीत नाहीं, श्वास लवकर सरतो, आणि कांहीं श्रोते तर केवळ ‘मीं त्याला पाहिलें’ एवढें सांगण्यासाठींच तिकीट काढतात.

परंतु पहिला सूर निघाला म्हणजे ही शंका मागें पडे. कारण बसक्या छताच्या त्या खोलींत खर्ज दुरून चालत येत नाहीं. २७ फुटांची लहर सबंध खोलीला एकदमच कवेंत घेते. ती कानाच्या आधीं टेबलावर ठेवलेल्या हाताला कळते, खुर्चीच्या पाठीला कळते, छातीच्या पिंजऱ्याला कळते. आवाज मोठा नसतांनाहि तो अंगाला लागतो. आणि मग ऐकूं येऊं लागतात त्या सगळ्या बारीक गोष्टी: बोट तारेवरून सरकतांना होणारी खरखर, गाण्याची ओळ उचलण्यापूर्वींचा श्वास, आणि सूर जेथें थांबला तेथली शांतता.

ह्या काळीं ब्रूसच्या हातीं असे ती बहुधा जर्मन बनावटीची, पडदे नसलेली बेस गिटार. फेंडरनें अचूकपणासाठीं जे पडदे बसविले, तेच त्यानें दूर केले होते. सतार सोडून सरोद घ्यावा तसा हा प्रकार आहे. पडदे नसले म्हणजे सुराची जबाबदारी सर्वस्वीं बोटावर आणि कानावर येते. बोट केसभर सरकलें तर सूर बिघडतो. परंतु मींड सरळ, न तुटतां निघते, आणि सूर माणसाच्या गळ्यासारखा किंचित् हलत राहतो. सेलोलाहि पडदे नसतात, हें येथें आठवतें. सतराअठराव्या वर्षीं ज्या मुलानें संस्था सोडली, तो साठीनंतर, इतका प्रवास करून, आपल्या पहिल्या वाद्याच्या जवळ परत आला होता.

आणखी एक गोष्ट अशा खोलींतच डोळ्यांनीं पाहतां येते. ब्रूस एकाच वेळीं वाजवी आणि गाई. साधी गिटार छेडीत गाणें फार कठीण नाहीं, कारण हात आणि गळा एकाच ठेक्यानें चालतात. बेसवर तसें नाहीं. हात जड मात्रेवर पडत असतांना गळा मात्रेच्या मागून, रेंगाळत यावा लागतो. तबलजीनें ठेका धरून स्वतःच विलंबित ख्याल म्हणावा, अशासारखें हें काम आहे. हें करतांना ब्रूसची नजर मधूनमधून ड्रम वाजविणाऱ्याकडे जाई, आणि त्या नजरेसरशी दोघे मिळून आवाज खालीं आणीत. ‘सनशाइन’ची ती दहा सुरांची ओळ आली म्हणजे खोलींतले पिकल्या केसांचे श्रोते हंसत. परंतु हंसण्याचें कारण केवळ जुनी आठवण नसे. चाळीस वर्षें जी ओळ त्यांनीं गडगडाटांत ऐकली होती, तिचे दहाही सूर वेगवेगळे, प्रत्येकाला स्वतःचा आरंभ आणि स्वतःचा शेवट असलेले, असे बहुधा त्यांना प्रथमच ऐकूं येत होते.

वय झालेल्या वादकापाशीं काय उरतें, ह्याचें उत्तर ह्यांत आहे. वेग कमी होतो, जोर कमी होतो, गळ्याची उंची कमी होते. पण दुसऱ्याचें ऐकून आपला सूर नेमक्या जागीं ठेवण्याची शक्ति वयानें कमी होत नाहीं. जोर ओसरल्यावर उलट तिलाच वाव मिळतो. मोठ्या मंडपांत तिचा उपयोग नाहीं, कारण तेथें ती कोणाला ऐकूं येत नाहीं. तिला लहान जागा लागते, शांत श्रोता लागतो. तेव्हां उतारवयांतील कलावंत लहान क्लबांत वाजवितो ती त्याची पडती दशा, असें समजणें बरोबर नव्हे. ईलिंगच्या ठिबकणाऱ्या तळघरांत ब्रूस ऐकावयास शिकला, मोठ्या मंडपांत तें ऐकणें हरवलें, आणि सोहोंतल्या लहान खोलींत त्याला तें परत सांपडलें.

मार्च २०१४ मध्यें त्याच्या गाण्यांचा शेवटचा संग्रह प्रसिद्ध झाला. २५ ऑक्टोबर २०१४ रोजीं यकृताच्याच विकारानें इंग्लंडमध्यें सफोक परगण्यांतील आपल्या घरीं त्याचें निधन झालें. वय ७१. जिंजर बेकर २०१९ मध्यें गेला, कवि पीट ब्राउन २०२३ मध्यें. त्या पहाटेच्या दहा सुरांचे दोन्ही साक्षीदार आतां नाहींत.

त्यांचीं ध्वनिमुद्रणें आहेत, आणि तीं पुढेंहि राहतील. परंतु येथें नभोवाणीच्या श्रोत्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरांतल्या लहान यंत्राच्या कर्ण्यांतून सेकंदाला ४१ कंपनांचा मूळ सूर बहुधा बाहेर पडतच नाहीं. त्याच्यावरचे पूरक सूर तेवढे येतात, आणि त्यांवरून आपला मेंदू खालच्या सुराची कल्पना करून घेतो. कान फसतो आणि समाधान पावतो. शरीर मात्र फसत नाहीं. त्याला तो सूर मिळालेलाच नसतो. म्हणून खर्जापुरतें तरी हें खरें कीं, वादक जेथें वाजवितो तेथें श्रोत्यानें स्वतः जाऊन बसावें लागतें, आणि तो वाजवीत आहे तोंवरच जावें लागतें.

ही गोष्ट लंडनचीच आहे असें नाहीं. गांवोगांवीं देवळाच्या ओवरींत, एखाद्या वाड्याच्या माडीवर, दहापंधरा माणसांपुढें बसणारे वृद्ध गवई, बीनकार, पखवाजी अजून आहेत. त्यांच्यापुढें मोठे जलसे होत नाहींत आणि त्यांचीं छायाचित्रें छापून येत नाहींत. तंबोऱ्याच्या चौथ्या तारेप्रमाणें तीं माणसें आहेत तोंवर त्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं. ती तार वाजत आहे तेव्हांच जाऊन तिच्याजवळ बसणें, एवढेंच श्रोत्याच्या हातीं असतें.